अनुदीप्ती, समुच्चयजन्य व दाबानुवर्ती

काही कार्बनी संयुगांवर जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील) किंवा निळा प्रकाश टाकला असता ती अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश तत्काळ बाहेर टाकतात. या आविष्कारास अनुदीप्ती म्हणतात. अशी बहुतेक संयुगे विरळ विद्रावात उत्तम प्रकाशतात आणि त्यांचे रेणू एकत्र गोळा झाले की निस्तेज होतात. याच्या अगदी उलट वागणारा, म्हणजे रेणू सुटे असताना जवळजवळ अप्रकाशित राहणारा व त्यांचा समुच्चय (सूक्ष्म गोळा, साका, स्फटिक वा पातळ पटल) झाला असता तेजस्वी होणारा, असा संयुगांचा एक वर्ग आहे. त्यांच्या प्रकाशास समुच्चयजन्य अनुदीप्ती असे नाव देण्यात आले आहे. घन स्थितीत घोटल्याने, खरडल्याने, ताणल्याने किंवा दाबल्याने ज्या संयुगांच्या प्रकाशाचा रंग अथवा तीव्रता बदलते त्यांच्या गुणधर्मास दाबानुवर्ती किंवा, अधिक व्यापक अर्थाने, यांत्रिक-वर्णबदली अनुदीप्ती म्हणतात. हे दोन्ही गुणधर्म पुष्कळदा एकाच संयुगात आढळतात आणि तो योगायोग नव्हे. रेणूला हालचालीस किती मोकळीक आहे आणि शेजारचा रेणू त्याच्या किती जवळ व कोणत्या कोनात आहे, हेच दोन प्रश्न दोहोंच्या मुळाशी आहेत.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे. अंधारात खडीसाखर फोडली असता क्षणभर निळसर प्रकाश चमकतो. फ्रान्सिस बेकन यांनी १६२० मध्ये या गोष्टीची नोंद केली होती. तेथे प्रकाशाला लागणारी ऊर्जाच स्फटिक फुटण्याच्या क्रियेतून मिळते व फुटणे संपले की प्रकाशही संपतो. प्रस्तुत नोंदीतील संयुगांना मात्र ऊर्जा नेहमीप्रमाणे बाहेरील प्रकाशापासूनच मिळते. घोटण्याने किंवा दाबाने फक्त त्या ऊर्जेचा पुढील मार्ग बदलतो, आणि तो बदल पुष्कळदा घोटणे थांबल्यावरही टिकून राहतो.

पूर्वपीठिका : अनुदीप्तीचा पद्धतशीर अभ्यास जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीन सल्फेटाच्या विद्रावावर केला. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा अधिक असते, हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १८७१ मध्ये आडोल्फ फोन बायर यांनी फ्लुओरेसीन हे संयुग तयार केले. नेत्रवैद्य डोळ्याच्या बुबुळावरील ओरखडा पाहण्यासाठी आजही त्याचाच उपयोग करतात. कपड्यांना पांढरी झाक देणारी टिनोपालासारखी द्रव्ये आणि हळदीचा अल्कोहॉलातील विद्राव ही या आविष्काराची घरगुती उदाहरणे होत.

अशा रंजकद्रव्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकास एक अडचण ठाऊक होती. विद्रावाची संहती (ठरावीक घनफळातील द्रव्याचे प्रमाण) वाढवीत गेल्यास प्रकाश काही मर्यादेपर्यंत वाढतो व नंतर घटू लागतो. कोरडी भुकटी तर बहुधा मंदच दिसते. १९५४ मध्ये टेओडोर फर्स्टर व कास्पर यांनी पायरीन या संयुगावर केलेल्या प्रयोगांनी या अडचणीचे एक कारण उघड केले. विरळ विद्रावात पायरीन सु. ३७५ ते ४०० नॅमी. (१ नॅमी. म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीचा जांभळा प्रकाश देते. संहती वाढविली की हा प्रकाश क्षीण होत जातो आणि त्याऐवजी सु. ४८० नॅमी. भोवतीचा निळा-हिरवा रुंद पट्टा दिसू लागतो. उत्तेजित झालेला एक रेणू व शेजारचा अनुत्तेजित रेणू एकमेकांवर सपाट बसून अल्पजीवी जोडी बनवितात आणि नवा प्रकाश या जोडीचा असतो, असे त्यांनी दाखविले. या जोडीस पुढे एक्सायमर हे नाव मिळाले. पायरीनची जोडी स्वतः प्रकाश देते. परंतु अनेक संयुगांत रेणूंच्या अशा जवळिकीतून ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे रंजक जितके विरळ तितके चांगले, हा व्यवहारातील नियम होऊन बसला. दूरचित्रवाणी व दूरध्वनी यांच्या पडद्यांसाठी कार्बनी प्रकाशदायी पटले करण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा हा नियम मोठा अडसर ठरला; कारण पटल म्हणजे समुच्चयच. त्यावर उपाय म्हणून प्रकाश देणारे द्रव्य दुसऱ्या एखाद्या द्रव्यात थोड्या प्रमाणात मिसळावे लागे, किंवा रेणूंना मोठाल्या शाखा जोडून ते एकमेकांपासून दूर ठेवावे लागत.

नियमास अपवाद अज्ञात होते, असे मात्र नाही. १९३६-३७ च्या सुमारास जेली व शाइबे यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, स्यूडोआयसोसायनीन या रंजकाच्या दाट विद्रावात रेणूंच्या लांब रांगा बनतात व त्यांना अतिशय अरुंद आणि प्रखर असा प्रकाशपट्टा असतो, असे पाहिले होते. रेणू एकमेकांवर चळतीप्रमाणे न बसता पायऱ्यांप्रमाणे सरकून बसले, तर प्रकाश मारला जात नाही, हे मायकेल काशा व त्यांचे सहकारी यांनी पुढे सिद्धांतरूपाने मांडले. १९५६ मध्ये ऑस्टर व निशिजिमा यांनी ऑरामीन-ओ हे पिवळे रंजक पाण्यासारख्या पातळ द्रवात जवळजवळ अनुदीप्तिहीन असून ग्लिसरिनासारख्या श्यान (दाट) द्रवात प्रकाशमान होते, असे दाखविले व त्याचे कारण रेणूच्या भागांचे अंतर्गत परिवलन हे असल्याचे सांगितले. म्हणजे पुढील शोधाचे दोन्ही धागे अगोदरच उपलब्ध होते. ते एकत्र बांधण्याचे काम मात्र २००१ पर्यंत कोणी केले नाही.

सायलोलाचा शोध : हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रविद्या विद्यापीठात तांग बेनझोंग यांच्या प्रयोगशाळेत सायलोल वर्गातील (पाच अणूंच्या वलयात एक सिलिकॉन अणू असलेल्या) संयुगांची निर्मिती चालू होती. शुद्धता तपासण्यासाठी विद्रावाचा थेंब पातळ थर वर्णलेखनाच्या पट्टीवर टाकून जंबुपार दिव्याखाली पाहिला जातो, ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील नित्याची क्रिया होय. ओला ठिपका दिव्याखाली दिसेना. विद्रावक उडून ठिपका वाळला तेव्हा तो चमकू लागला. असा अनुभव पूर्वी इतरांनाही आला असेल आणि त्यांनी पट्टी वाळेपर्यंत थांबून पुढचे काम सुरू केले असेल. येथे मात्र त्या विसंगतीचाच पाठपुरावा झाला. १-मिथिल-१,२,३,४,५-पेंटाफिनिलसायलोल या संयुगाचा अल्कोहॉलातील विद्राव घेऊन त्यात क्रमाक्रमाने पाणी मिसळण्यात आले. संयुग पाण्यात विरघळत नसल्याने पाण्याचे प्रमाण पुरेसे वाढले की रेणू सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात एकत्र येतात. त्या क्षणापासून प्रकाश झपाट्याने वाढला आणि पाण्याचे प्रमाण ९० टक्के झाले तेव्हा तो मूळच्या शेकडो पट झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात ‘समुच्चयजन्य अनुदीप्ती’ या अर्थाची संज्ञा प्रथम वापरण्यात आली. पुढच्याच वर्षी सोल राष्ट्रीय विद्यापीठातील पार्क व त्यांचे सहकारी यांनी सायनो गट असलेल्या स्टिल्बीनवर्गीय संयुगाचे सूक्ष्म कण बनवून जवळजवळ ७०० पट वाढ झाल्याचे जाहीर केले. त्यांनी दिलेल्या स्पष्टीकरणात रेणू कणामध्ये सपाट होण्यास व पायऱ्यांसारख्या मांडणीस महत्त्व होते. अशा रीतीने एकाच दृश्य परिणामास प्रारंभापासूनच दोन वेगवेगळी कारणे सांगितली गेली आणि तो प्रश्न अद्यापही काही अंशी जिवंत आहे.

या वर्गाचे सर्वांत सुटसुटीत उदाहरण म्हणजे टेट्राफिनिलएथिलीन. दोन कार्बन अणूंमधील एका द्विबंधाभोवती चार फिनिल वलये यात बसविलेली असतात. चारही वलये एका प्रतलात मावत नाहीत, म्हणून ती पंख्याच्या पात्यांप्रमाणे तिरपी राहतात. ते बनविण्यास सोपे आहे व त्याला निरनिराळे गट जोडता येतात. या कारणांमुळे प्रस्तुत विषयावरील संशोधनाचा फार मोठा भाग या एका सांगाड्यावर उभा आहे.

यंत्रणा : प्रकाश शोषून उत्तेजित झालेल्या रेणूपुढे मूळ अवस्थेत परतण्याचे दोन मार्ग असतात. एक प्रकाश टाकून परतण्याचा. यास साधारणपणे काही अब्जांश सेकंद लागतात. दुसरा, अंतर्गत हालचालींवाटे ऊर्जा भोवतालच्या द्रवास उष्णतेच्या रूपाने देऊन परतण्याचा. ज्या रेणूत सैल वलये एकेरी बंधांवर फिरू शकतात, त्यात हा दुसरा मार्ग इतका वेगवान असतो की प्रकाश बाहेर पडण्यास अवसरच मिळत नाही. समुच्चयात रेणू दाटीवाटीने बसतात, वलयांना फिरण्यास जागा राहत नाही, दुसरा मार्ग बंद होतो आणि ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. त्याचबरोबर पंख्यासारख्या तिरप्या आकारामुळे हे रेणू एकमेकांवर सपाट चिकटू शकत नाहीत व पायरीनप्रमाणे त्यांच्या जोड्या बनत नाहीत. या दोन गोष्टी एकाच वेळी घडणे आवश्यक आहे. केवळ हालचाल रोखली आणि रेणू सपाट असले, तर जुना नियमच लागू होतो.

या उपपत्तीची पडताळणी अनेक बाजूंनी झाली. समुच्चय न होऊ देता केवळ श्यानता वाढविली, तरी हेक्साफिनिलसायलोलाचा प्रकाश वाढतो. विद्राव अतिशय थंड केला, तरी वाढतो. सर्वांत पटणारा पुरावा २००५ मध्ये मिळाला. फिनिल वलयांवर आयसोप्रोपिल हे अवजड गट बसवून वलयांचे फिरणे रेणूच्या आतूनच अडविण्यात आले आणि असे संयुग विद्रावातही तेजस्वी आढळले. पुढे ज्या संयुगांत फिरणारी वलयेच नाहीत, परंतु पुस्तकाच्या पानांसारखी उघडझाप करणारी लवचिक वलये आहेत, तीही समुच्चयात प्रकाशतात असे दिसून आल्यावर ‘परिवलनाचा निरोध’ याऐवजी ‘अंतर्गत गतीचा निरोध’ अशी व्यापक शब्दयोजना स्वीकारण्यात आली.

तथापि चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. टेट्राफिनिलएथिलिनामध्ये उत्तेजित अवस्थेत मधला द्विबंधच सैल होऊन पिळला जातो, तसेच शेजारची दोन वलये जोडली जाऊन फेनँथ्रीनसदृश रचना बनण्याची प्रवृत्तीही असते, असे सैद्धांतिक गणिते व अतिजलद वर्णपटमापन यांवरून दिसून आले आहे. केवळ वलये फिरल्याने ऊर्जा जाते हे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. रेणूचा आकार इतका बदलतो की उत्तेजित व मूळ अवस्थांच्या ऊर्जा एका बिंदूपाशी समान होतात व तेथून रेणू प्रकाश न देता खाली घसरतो, असे वर्णन आता अनेक अभ्यासक पसंत करतात. स्फटिकात तो बिंदू गाठण्याइतका आकारबदल शक्य नसतो. दोन्ही वर्णनांत दाटीचे महत्त्व कायम राहते, परंतु नवे संयुग आखताना कोणता बंध रोखावयाचा याचे उत्तर दोहोंत वेगळे येते. म्हणून हा वाद केवळ शब्दांचा नाही. पाणी मिसळल्यावर प्रकाश वाढला, एवढ्याच आधारावर कोणत्याही संयुगास या वर्गात घालण्याची जी प्रवृत्ती आढळते ती सदोष आहे. पाण्यामुळे विद्रावकाची ध्रुवीयताही बदलते आणि तिच्यामुळेसुद्धा प्रकाशात मोठे फेरफार होतात.

घोटण्याचे परिणाम : अनुदीप्त भुकटी खलात घोटली की तिच्या प्रकाशाचा रंग बदलतो, हे निरीक्षण जुने असले, तरी त्याचा हेतुपुरस्सर उपयोग करून संयुगे आखण्याचे काम एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. २००२ मध्ये लोव्हे व व्हेडर यांनी एक्सायमर बनविणारे रंजक बहुवारिकात मिसळले. बहुवारिक न ताणलेल्या स्थितीत असताना रंजकाचे रेणू गटागटाने राहतात व त्यांचा प्रकाश लांब तरंगलांबीचा असतो. पट्टी ओढून ताणली की गट फुटतात व सुट्या रेणूंचा आखूड तरंगलांबीचा प्रकाश दिसू लागतो. येथे पायरीनबाबतचे जुने ज्ञान सरळ कामी आले. २००७ मध्ये टोकियो विद्यापीठातील सागारा, आराकी व सहकारी यांनी पायरिनाला हायड्रोजन बंध करू शकणाऱ्या शाखा जोडून एक संयुग बनविले. शाखांमधील हायड्रोजन बंध रेणूंना ओळीत बांधतात, तर पायरीनची सपाट वलये घट्ट चळतीत बसू पाहतात. या दोन ओढींचा तोल एका बाजूस असताना भुकटी निळा प्रकाश देते. दाबली की तोल ढळून हिरवट प्रकाश येतो आणि तापविली की पुन्हा निळा. रेणूच्या दोन मांडण्या ऊर्जेच्या दृष्टीने जवळजवळ ठेवाव्यात व त्यांमध्ये लहानसा अडथळा असावा, ही आखणीची रीत या कामामुळे रूढ झाली.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात कॅसँड्रा फ्रेझर व सहकारी यांनी २०१० मध्ये वर्णिलेले उदाहरण विशेष लक्षणीय आहे. उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांत वापरल्या जाणाऱ्या ॲव्होबेंझोन या द्रव्याचे बोरॉन व फ्ल्युओरीन यांसह संयुग केले असता मिळणारा घन पदार्थ इतका संवेदनशील असतो की, त्याच्या थरावर कापसाच्या बोळ्याने हलकी रेघ ओढली तरी तेवढ्या भागाचा प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकतो. जंबुपार दिव्याखाली त्या थरावर अक्षरे लिहिता येतात आणि ती नेहमीच्या तापमानास काही काळाने आपोआप पुसली जातात. हळदीतील कर्क्युमीन हे रंजकही ॲव्होबेंझोनाप्रमाणेच डायकीटोन गटातील असून तेही बोरॉनाशी अशाच प्रकारे संयोग पावते. होक्काइडो विद्यापीठात २००८ मध्ये अभ्यासलेल्या एका सुवर्णयुक्त संयुगात घोटण्याने निळ्या प्रकाशाचा पिवळा होतो, व विद्रावकाचा थेंब टाकताच पूर्ववत निळा होतो.

घोटताना नेमके काय घडते हे क्ष-किरण विवर्तनाने (स्फटिकातील अणूंच्या ओळींमुळे किरण ठरावीक दिशांना वळण्याच्या आविष्काराने) कळते. मूळ भुकटीच्या आलेखात तीक्ष्ण शिखरे असतात. घोटल्यावर ती मोडून रुंद टेकाड उरते. याचा अर्थ स्फटिकातील सुव्यवस्था मोडून पदार्थ बव्हंशी अस्फटिकी झाला. टेट्राफिनिलएथिलीनवर्गीय रेणू स्फटिकात अधिक पिळलेले असतात व स्फटिकांत पोकळ्याही बऱ्याच असतात. व्यवस्था मोडली की रेणू थोडे सपाट होतात, इलेक्ट्रॉनांचा विस्तार वाढतो आणि प्रकाश निळ्याकडून हिरव्या वा पिवळ्याकडे सरकतो. तापविल्यावर किंवा विद्रावकाच्या बाष्पात ठेवल्यावर पुन्हा स्फटिक तयार होऊन मूळ रंग परत येतो. समुच्चयजन्य अनुदीप्ती असलेल्या संयुगांत रंगबदल इतका वारंवार का आढळतो, याचे उत्तर येथेच आहे : पंख्यासारखा जो आकार त्यांना चळतीत बसू देत नाही, तोच त्यांचे स्फटिक सैल व सहज मोडणारे करतो. शिवाय घन स्थितीत प्रकाशच नसेल, तर रंगबदल डोळ्यांस दिसणार कसा, हेही आहेच.

समदाबाखालील वर्तन : खलात घोटणे व सर्व बाजूंनी सारखा दाब देणे या क्रिया एक नव्हेत. घोटण्यात कर्तन (थर एकमेकांवरून सरकविणारे) प्रतिबल मुख्य असते व ते स्फटिक फोडते. समदाबात स्फटिक न फुटता आकसतो. दाबानुवर्ती ही संज्ञा काटेकोरपणे दुसऱ्या प्रकारासच लावली पाहिजे. प्रत्यक्षात अनेक निबंधांत ती खलात घोटलेल्या भुकटीलाही लावलेली आढळते व त्यामुळे तुलना करताना घोटाळा होतो.

समदाबाचे प्रयोग दोन हिऱ्यांच्या चपट्या टोकांमध्ये नमुना धरून केले जातात. धातूच्या पातळ पत्र्यास सूक्ष्म छिद्र पाडून त्यात द्रवासह स्फटिकाचा कण ठेवतात. हिरा पारदर्शक असल्याने दाब वाढत असतानाच आतील प्रकाश पाहता व मोजता येतो. दाब किती झाला हे कळण्यासाठी नमुन्याशेजारी माणकाचा बारीक कण ठेवतात. माणकाच्या ६९४ नॅमी. जवळील तांबड्या प्रकाशरेषेची तरंगलांबी दर गिगॅपास्कलास (सु. १०,००० वातावरण दाबास) सु. ०·३६ नॅमी. वाढते, आणि ही पद्धत १९७२ पासून प्रचारात आहे. एका पदार्थाच्या दाबाखालील प्रकाशाचा अभ्यास करण्यासाठी दुसऱ्या पदार्थाच्या दाबाखालील प्रकाशाचाच मापदंड वापरावा लागतो, ही या प्रयोगांतील एक गंमत म्हणावी लागेल. उच्च दाबाखालील अनुदीप्तीच्या अभ्यासाचा पाया इलिनॉय विद्यापीठात हॅरी ड्रिकामर यांनी कित्येक दशकांच्या कामातून घातला.

दाब वाढविला की सामान्यतः रेणूंमधील अंतर घटते, त्यांचे इलेक्ट्रॉन-मेघ एकमेकांत अधिक मिसळतात, प्रकाश तांबड्याकडे सरकतो व मंद होत जातो. चीनमधील जीलिन विद्यापीठात २०१२ मध्ये अभ्यासलेल्या, अँथ्रासिनाच्या दोन्ही बाजूंस पिरिडीन वलये जोडलेल्या संयुगाचा हिरवा प्रकाश सु. ८ गिगॅपास्कल दाबापर्यंत क्रमशः तांबडा होतो. समुच्चयजन्य अनुदीप्तीच्या संयुगांत मात्र दाबाचे दोन परस्परविरोधी परिणाम होतात. दाबामुळे वलयांची उरलीसुरली हालचालही थांबते, म्हणून प्रकाश वाढावयास हवा. त्याच दाबाने रेणू जवळ येतात, म्हणून तो घटावयास हवा. हेक्साफिनिलसायलोलाच्या पटलावरील प्रयोगांत प्रारंभी वाढ व पुढे घट आढळली, हे या दृष्टीने बोलके आहे. दाब काढून घेतला की असे बदल बहुधा उलटतात. घोटलेली भुकटी मात्र तापविल्याखेरीज किंवा पुरेसा काळ गेल्याखेरीज पूर्ववत होत नाही.

उपयोग : जैव व वैद्यकीय परीक्षणात या संयुगांचे महत्त्व अधिक आहे. जुन्या रंजकांत संशोध्य पदार्थाशी संयोग झाल्यावर बहुधा प्रकाश घटतो व उजळ पार्श्वभूमीवरील ती घट ओळखावी लागते. येथे काळोखातून प्रकाश उमटतो. मेंदूच्या काही विकारांत साचणाऱ्या प्रथिनतंतूंच्या ओळखीसाठी थायोफ्लॅव्हीन-टी हे रंजक १९५९ पासून वापरात आहे. तेही तंतूच्या खाचेत बसून त्याचे परिवलन थांबल्यामुळेच चमकते, हे पुष्कळ नंतर समजले. म्हणजे तत्त्व कळण्यापूर्वीच ते वापरात होते. पेशीत सोडलेले विरळ रंजक सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर प्रकाशात लवकर विटते, त्याउलट समुच्चयाचे कण अनेक पेशीविभाजनांपर्यंत टिकतात व पेशींचा माग काढण्यास उपयोगी पडतात.

दुसरे क्षेत्र म्हणजे यंत्रभागांतील सूक्ष्म तडा ओळखणे. रंगाच्या किंवा बहुवारिकाच्या लेपाखालील बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. दिसू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. २०१६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी टेट्राफिनिलएथिलिनाचा विद्राव सूक्ष्म कुप्यांत भरून त्या कुप्या लेपात मिसळल्या. विद्रावात असेपर्यंत संयुग अंधारेच राहते. तडा जाताच त्या जागच्या कुप्या फुटतात, विद्रावक उडून जातो व मागे राहिलेला घन पदार्थ जंबुपार दिव्याखाली तड्याची रेषा निळ्या प्रकाशाने दाखवितो. वर्णलेखनाच्या पट्टीवर ओला ठिपका वाळताना जे दिसले होते, त्याचीच ही योजनापूर्वक केलेली पुनरावृत्ती होय. यात वेगळा संवेदक, तारा किंवा विद्युत्‌ पुरवठा लागत नाही.

यांखेरीज कार्बनी प्रकाशदायी पटले, बनावट मालास आळा घालणाऱ्या शाया, पुसून पुन्हा लिहिता येणारे पृष्ठ, पाण्यातील धातूंच्या आयनांची ओळख इत्यादींसाठी प्रयत्न झाले आहेत. रेणूंच्या समुच्चयातून बनलेल्या अनुदीप्त जेलीचा थर स्फोटकाच्या संपर्कात येताच मंदावतो, या तत्त्वावर तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय आंतरशाखीय विज्ञान व तंत्रविद्या संस्थेत अजयघोष व सहकारी यांनी २०१२ मध्ये ट्रायनायट्रोटोल्यूइनाचे एका ग्रॅमच्या अब्जांशाचाही अब्जांश इतके अल्प प्रमाण ओळखणाऱ्या पट्ट्या तयार केल्या. चीनमध्ये २०१७ चा नैसर्गिक विज्ञानाचा प्रथम वर्गाचा राष्ट्रीय पुरस्कार तांग यांच्या गटास देण्यात आला, तर शुद्ध व अनुप्रयुक्त रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा उदयोन्मुख तंत्रांच्या यादीत समुच्चयजन्य अनुदीप्तीचा समावेश केला.

मर्यादा : घोटण्याने होणारा रंगबदल ठळक असला, तरी तो मापनासाठी अद्याप पुरेसा भरवशाचा नाही. किती बल दिले असता किती बदल होतो हे कणांचा आकार, घोटण्याचा वेग, हवेतील आर्द्रता व नमुन्याचा पूर्वेतिहास यांवर अवलंबून असते. त्यामुळे एका प्रयोगशाळेतील आकडे दुसरीत जसेच्या तसे मिळत नाहीत. वारंवार घोटणे व तापविणे यांची आवर्तने केली असता काही संयुगांत रंगाचा फरक कमी कमी होत जातो. एकाच संयुगाचे दोन-तीन स्फटिकरूप असतात व त्यांचे प्रकाशही निरनिराळे असतात, म्हणून कोणत्या रूपापासून प्रारंभ केला हे न सांगता दिलेली माहिती निरुपयोगी ठरते. टेट्राफिनिलएथिलीनवर्गीय संयुगांचा प्रकाश मुख्यतः निळ्या-हिरव्या भागात असून तो शरीराच्या ऊतकांतून फार खोलवर जात नाही. तांबड्या व अवरक्त भागात प्रकाशणारी संयुगे बनविण्यासाठी रेणूत इलेक्ट्रॉन देणारे व घेणारे गट एकत्र जोडावे लागतात, आणि असे केल्याने प्रकाशाची कार्यक्षमता पुष्कळदा घटते. लेपातील कुप्यांच्या योजनेतही एकदा फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही; त्याच जागी नंतर तडा वाढला, तर तो त्या चमकलेल्या रेषेवरून वेगळा ओळखता येत नाही.